आपली वेसण आपल्याच हाती

गेल्या उन्हाळ्यात आमचे वाईचे जुने घर आवरायला काढले. माळ्यावरच्या लोखंडी ट्रंकेत आजोबांचे कागद निघाले. शाळेतल्या नोकरीचे हुकूम, घरपट्टीच्या पावत्या, कुणाकुणाच्या मुंजीची निमंत्रणे, आणि या सगळ्यांच्या तळाशी मेणकापडात बांधलेली विम्याची पॉलिसी. साल १९३१, रक्कम एक हजार रुपये. कागद कापडासारखा जाड, वर समई घेतलेल्या एका बाईचे चित्र, आणि कोपऱ्यात वय मान्य केल्याचा जांभळा शिक्का. वयाचा पुरावा म्हणून आजोबांनी स्वतःची जन्मपत्रिका दिली होती, असे जोडलेल्या टाचणावरून दिसते.

पॉलिसीला टाचलेले दुसरे एक पत्र आहे, १९४९ सालचे. कंपनीचा व्यवसाय दुसऱ्या कंपनीकडे सोपवण्यात येत असून आपल्या पॉलिसीची रक्कम यापुढे एक हजाराऐवजी साडेसहाशे धरावी, एवढाच त्यातला मजकूर. आजोबा १९५३ साली वारले आणि आजीच्या हाती साडेसहाशे रुपये आले. अठरा वर्षे एकही हप्ता न चुकवता भरलेल्या माणसाला, त्याचा काडीइतका दोष नसताना, पस्तीस टक्क्यांची कात्री लागली होती. आजी या गोष्टीबद्दल कधी रागाने बोलली नाही. तिला आठवे ते वेगळेच. एजंट म्हणजे आजोबांचे आतेभाऊ. "भाऊजींनी पहिल्या हप्त्यातले निम्मे पैसे परत दिले, त्यात मला इरकली लुगडे आले," असे ती कौतुकाने सांगे. ते लुगडे आणि ती कात्री यांचा एकमेकींशी काही संबंध असेल, हे तिच्या कधी मनात आले नाही. माझ्याही नव्हते. या कागदांच्या निमित्ताने विमाधंद्याचा इतिहास थोडा वाचला, तेव्हा तो संबंध दिसला.

विमा हा माल मोठा विलक्षण. तांदूळ घेताना माणूस दाणा दाताखाली चावून बघतो, धोतरजोडी घेताना सूत उजेडात धरून बघतो. विम्यात दुकानदार आज पैसे घेतो आणि माल देतो वीस-तीस वर्षांनी. तोही गिऱ्हाइकाला नव्हे, तर गिऱ्हाइकाच्या बायकामुलांना. माल खोटा निघाला तर तक्रार करायला गिऱ्हाईक जागेवर नसते. म्हणून या धंद्यावर नजर कुणी ठेवायची, हा प्रश्न त्याच्या जन्मापासून आहे. धंदेवाल्यांचे उत्तर बहुधा ठरलेले असते: आमची वेसण आमच्याच हाती राहू द्या, आमचे आम्ही नीट वागतो. हे उत्तर नेहमी खोटेपणाने दिलेले नसते. पण आपल्याकडे ते पुन्हा पुन्हा कसोटीला लागले आणि प्रत्येक वेळी काहीतरी शिल्लक ठेवून गेले, बहुधा कायद्याचे एखादे कलम.

कलकत्त्यात १८१८ साली ओरिएंटल लाइफ ही कंपनी निघाली ती युरोपीय लोकांसाठी. पुढे अशा कंपन्या हिंदी माणसाचा विमा उतरवू लागल्या, पण हिंदी जिवाला जास्त हप्ता लावून. आपले आयुष्य कमी भरवशाचे, हे त्यांनी गणिताआधीच ठरवून टाकले होते. त्यातच १८६९ साली विलायतेतली अल्बर्ट नावाची बडी कंपनी बुडाली आणि मागोमाग युरोपियन नावाची दुसरी. दोन्हींनी आपल्याकडे विमे उतरवले होते. अल्बर्ट बुडाल्यानंतर इंग्लंडने १८७० साली कायदा केला. त्याचे सूत्र असे, की हिशेब जाहीर करा आणि मग हवे तसे वागा. छापलेला ताळेबंद लोक वाचतील आणि शहाणे होतील, ही त्यामागची श्रद्धा. लंडनमध्ये ताळेबंद वाचणारी वर्तमानपत्रे होती, जाणते लोक होते. वाईच्या शाळामास्तराने कंपनीचा ताळेबंद वाचून तिची नाडी ओळखावी, ही अपेक्षा मात्र अंमळ जास्तच होती.

मुंबईने या पडझडीला आपले उत्तर दिले. १८७०-७१ च्या सुमारास बॉम्बे म्युच्युअल निघाली आणि तिने हिंदी माणसाचा विमा नेहमीच्या दराने उतरवायला सुरुवात केली. १८७४ साली ओरिएंटल गव्हर्न्मेंट सिक्युरिटी लाइफ निघाली. या लांबलचक नावातच लोकांची भीती आणि तिच्यावरचा उतारा दोन्ही आहेत. पैसा सरकारी रोख्यांत आहे, घाबरू नका, असे ती कंपनी पाटीवरूनच सांगत होती. स्वतःला वेसण घालून घेण्याचा हा मला वाटते सर्वांत प्रामाणिक नमुना. पुढे स्वदेशीच्या चळवळीत गावोगाव विमा कंपन्या उगवल्या. साताऱ्याला १९१३ साली अण्णासाहेब चिरमुल्यांनी वेस्टर्न इंडिया लाइफ काढली. मुंबई-कलकत्त्याचा धंदा जिल्ह्याच्या गावातून सचोटीने करता येतो, हे त्यांनी करून दाखवले आणि लोकांनी त्यांना विमामहर्षी म्हटले. आजोबांनी साताऱ्याच्या कंपनीत विमा का उतरवला नाही, याचे उत्तर सोपे आहे. आतेभाऊ दुसऱ्या कंपनीचे एजंट होते.

परंतु त्याच काळात दुसरे एक पीक उगवले होते. त्याला प्रॉव्हिडंट सोसायट्या म्हणत. लहान रकमांचा विमा, गरिबांसाठी. मृत्यूचा तर होताच, पण लग्नाचा, मूल होण्याचाही. यातल्या पुष्कळ मंडळ्या वाटणीच्या तत्त्वावर चालत. म्हणजे किती रक्कम मिळेल हे आधी ठरलेले नसे. ठराविक मुदतीत जमलेल्या वर्गणीचा एक भाग त्या मुदतीतल्या दावेदारांना वाटून टाकायचा. सुरुवातीला सभासद पुष्कळ, लग्ने आणि मरणे थोडी, म्हणून वाटा भरघोस मिळे. त्या वाट्याचा गवगवा होऊन आणखी सभासद येत. मग दावे वाढत, वाटे रोडावत, नवे येणारे आटत आणि शेवटी आलेल्यांच्या हाती पावत्या राहत. विमागणिताचा यात लवलेश नव्हता. भिशी आणि सट्टा यांचे ते लग्न होते. सरकारने १९१२ साली दोन कायदे केले, एक आयुर्विमा कंपन्यांसाठी आणि एक या सोसायट्यांसाठी. हप्त्यांचे दर आणि ठराविक काळाने होणारे मूल्यांकन विमागणितज्ञाकडून प्रमाणित करून घेणे आयुर्विमा कंपन्यांना भाग पडले. १९२८ साली आकडेवारी गोळा करण्याचा आणखी एक कायदा झाला. खरा दणकट कायदा आला तो १९३८ सालचा. त्याने विम्यासाठी स्वतंत्र नियंत्रक नेमला, ठेव ठेवायला लावली, पैसा कुठे गुंतवायचा याची मर्यादा घातली आणि वाटणीच्या तत्त्वावरचा धंदा बंद केला.

या कायद्याची कलमे मी वाचत गेलो तेव्हा एक गंमत वाटली. कलम वाचले की त्यामागचा लबाड माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो. एकेचाळिसावे कलम वाचताना माझ्यापुढे आजोबांचे आतेभाऊ उभे राहिले, आणि ते काही लबाड नव्हते.

हे कलम रिबेटचे. विमा घ्यावा म्हणून कुणी कुणाला हप्त्यात किंवा कमिशनात सूट देऊ नये, आणि घेणाऱ्यानेही ती घेऊ नये. वरवर पाहता यात वावगे काय? दुकानदार आपल्या नफ्यातून गिऱ्हाइकाला दोन पैसे सोडतो, त्यात कुणाचे गेले? पण हिशेब मांडून पाहा. १९३८ च्या कायद्याने पहिल्या वर्षाच्या हप्त्यावर एजंटाला साधारणपणे शेकडा चाळीसपर्यंत आणि पुढच्या हप्त्यांवर शेकडा पाच कमिशनाची मर्यादा घातली. त्याआधी तेवढेही बंधन नव्हते. समजा हप्ता शंभराचा आहे. एजंटाला मिळाले चाळीस. त्यातले वीस-पंचवीस तो गिऱ्हाइकाला देतो. गिऱ्हाइकाला वर्षभराचा विमा पाऊणशे रुपयांत पडला. दुसऱ्या वर्षी पुरते शंभर भरायची वेळ येते तेव्हा तो हप्ता सोडून देतो, आणि दुसरा एजंट दुसऱ्या कंपनीचा कागद आणि दुसरी सूट घेऊन दारात उभाच असतो. पहिल्या दोन-तीन वर्षांत पॉलिसी सोडली तर बहुधा हाती काहीच येत नसे, त्यामुळे गिऱ्हाइकाचे भरलेले पैसे गेले. आणि कंपनीचे? डॉक्टरची तपासणी, कागदपत्रे, कमिशन यांत पहिल्या वर्षाचा हप्ता संपलेला असतो. तो खर्च पुढच्या हप्त्यांतून भरून निघायचा, ते हप्ते येतच नाहीत. मग हे भोक कुणाच्या पैशाने बुजते? जे गृहस्थ वर्षानुवर्षे हप्ते भरत बसले आहेत, त्यांच्या. म्हणजे आमच्या आजोबांच्या.

लुगडे आणि कात्री यांचा संबंध तो हा. आजीच्या लुगड्यामुळे कंपनी खिळखिळी झाली असे नव्हे. आजोबांनी पॉलिसी सोडली नाही, म्हणजे त्यांचे कर्ज फिटलेच. पण तसली हजारो लुगडी वाटली गेली होती आणि ती घेणारे बरेच जण मध्येच निघून गेले होते.

रिबेट वाईट, हे कंपन्यांच्या चालकांना कळत नव्हते असे नाही. सगळ्यांना कळत होते. परंतु एका कंपनीने ते बंद केले की तिचा धंदा शेजारची घेऊन जाई. विमाधंद्याच्या स्वयंशिस्तीची सगळी कहाणी या एका वाक्यात सापडते. चोरी कुणी करू नये यावर सर्वांचे एकमत. पहिल्याने कुणी थांबायचे, एवढाच वाद.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एक नवी रीत बोकाळली. विमा कंपनी ताब्यात घेतली की तिच्या गंगाजळीवर हात ठेवता येतो, हे उद्योगपतींच्या ध्यानात आले. १९४५ साली सर कावसजी जहांगीर यांच्या अध्यक्षतेखाली या गैरप्रकारांच्या चौकशीसाठी समिती नेमली गेली. त्यानंतर १९५० साली जी दुरुस्ती झाली, ती या कहाणीतली सर्वांत कुतूहलाची गोष्ट आहे. कायद्यानेच सगळ्या विमा कंपन्यांची एक संघटना उभी केली आणि तिच्या दोन शाखा केल्या, आयुर्विमा परिषद आणि सर्वसाधारण विमा परिषद. वर्तणुकीचे दंडक घालून देणे, विमेदारांना चांगली सेवा मिळेल असे पाहणे, खर्चाच्या मर्यादेबाबत नियंत्रकाला सल्ला देणे, आणि एखादी कंपनी विमेदारांच्या हिताविरुद्ध वागत असेल तर ते नियंत्रकाच्या कानावर घालणे, ही परिषदेच्या कार्यकारी समितीची कामे. अध्यक्ष सरकारी, पण बहुतेक माणसे धंद्यातली. बैलाची वेसण बैलाच्याच हाती द्यायची, फक्त कासरा सरकारने धरायचा, अशी ही मांडणी. मला ती मूर्खपणाची वाटत नाही. धंद्यातल्या खोडी धंद्यातल्या माणसाला जितक्या कळतात तितक्या सचिवालयातल्या कारकुनाला कळत नाहीत. पण जातभाईवर बोट ठेवायला लागणारे धैर्य कायद्याने देता येत नाही.

आणि वेळ थोडा मिळाला. १८९६ साली लाहोरला स्थापन झालेली भारत इन्शुरन्स ही जुनी, नावाजलेली कंपनी रामकृष्ण दालमिया यांच्या ताब्यात होती. तिच्या निधीतून दोन कोटींहून अधिक रुपये नाहीसे झाल्याचे १९५५ साली उघडकीस आले. मुंबईच्या बाजारातल्या शेअरच्या सट्ट्यात आलेला तोटा भरायला ते वळवले होते. डिसेंबर १९५५ मध्ये फिरोज गांधींनी लोकसभेत या प्रकरणाची चिरफाड केली. पुढे दालमियांना तुरुंगवास झाला. विमेदारांनी आपला पैसा सुरक्षित राहावा म्हणून दिलेला, आणि तो बाजारातल्या तेजीमंदीवर लावला गेला होता.

अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख, महाडजवळच्या नात्याचे. १९ जानेवारी १९५६ च्या रात्री त्यांनी आकाशवाणीवरून सांगितले, की आयुर्विम्याचा सगळा कारभार सरकारने वटहुकुमाने आपल्याकडे घेतला आहे. बेत इतका गुप्त ठेवला होता की कंपन्यांना कागद हलवायला सवड मिळाली नाही. दुसऱ्या दिवसापासून सरकारी कारभारी कंपन्यांच्या कचेऱ्यांत जाऊन बसू लागले. मागच्या दहा वर्षांत पंचवीस आयुर्विमा कंपन्या दिवाळ्यात निघाल्या आणि आणखी पंचवीस इतक्या पोखरल्या गेल्या की त्यांचा व्यवसाय, विमेदारांना तोटा सोसायला लावून, दुसऱ्यांकडे सोपवावा लागला, असे त्यांनी सांगितले. या दुसऱ्या पंचविसांत आजोबांची कंपनी असणार. चिंतामणरावांच्या त्या भाषणात आमच्या आजीचे साडेतीनशे रुपये होते, असे मी समजतो.

त्या आठवड्याची आठवण महाराष्ट्रात वेगळ्याच कारणाने राहिली आहे. तीनच दिवस आधी मुंबई केंद्राच्या अमलाखाली ठेवण्याची घोषणा झाली होती आणि शहरात गोळ्या झाडल्या जात होत्या. मुंबईच्याच प्रश्नावर चिंतामणरावांनी त्या वर्षी मंत्रिपद सोडले. त्यामुळे १५४ हिंदी कंपन्या, १६ परदेशी आणि ७५ प्रॉव्हिडंट सोसायट्या मिळून १ सप्टेंबर १९५६ ला आयुर्विमा महामंडळ उभे राहिले तेव्हा ते अर्थमंत्री नव्हते. पॉलिसीच्या रकमेला सरकारची हमी आली. आजोबांच्या पॉलिसीवरचे ते संकट यापुढे कुणावर येणार नव्हते.

मग सगळे सुरळीत झाले काय? वर्षभरातच महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे सव्वा कोटीच्या आसपासचे शेअर घेतले, तेही स्वतःच्या गुंतवणूक समितीला न विचारता. पुन्हा फिरोज गांधी उठले. न्यायमूर्ती छागलांनी मुंबईत उघड चौकशी केली, आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री कृष्णम्माचारींना जावे लागले. मालक बदलला तरी गंगाजळीचा मोह तोच राहतो. फरक एवढा, की या वेळी जाब विचारायला लोकसभा होती आणि आजीसारख्यांच्या रकमेला धक्का लागला नाही.

आग, मोटार, जहाज यांचा विमा अजून खाजगी होता. १९५७ साली सर्वसाधारण विमा परिषदेने आपणहून आचारसंहिता तयार केली. दालमिया प्रकरणाच्या पाठोपाठ ही संहिता यावी, यात योगायोग किती आणि शहाणपण किती हे सांगायला नको. अकरा वर्षांनी, १९६८ साली, गुंतवणुकीवर नियंत्रण आणि किमान सुस्थितीची अट कायद्यात घालावी लागली. १९७२ च्या कायद्याने तोही धंदा सरकारकडे आला आणि १०७ कंपन्यांच्या चार झाल्या.

सरकारी विम्यात पैसे बुडण्याची भीती गेली, पण गिऱ्हाइकाचे प्रश्न संपले नाहीत. ते आता निराळ्या जातीचे झाले. मुदतीचा शुद्ध विमा सर्वांत स्वस्त. तो महामंडळ सरकारी, निमसरकारी आणि नामांकित खाजगी पेढ्यांतल्या पगारदारांनाच देई. शेतकऱ्याचा, सुताराचा जीव पुन्हा एकदा कमी भरवशाचा ठरला होता. अहमदाबादच्या ग्राहक संस्थेने हे न्यायालयात नेले आणि १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ती अट घटनाबाह्य ठरवली. साहेबाने शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हिंदी जिवाला जे केले, त्याची आठवण मला तो खटला वाचताना आल्यावाचून राहिली नाही.

पंचेचाळिसावे कलम मात्र मला साऱ्या कायद्यात अधिक माणुसकीचे वाटते. विमा उतरवताना लिहून दिलेल्या माहितीत चूक आहे, असे म्हणून दावा नाकारण्याचा कंपन्यांना भारी सोस. कलम सांगते, की दोन वर्षे उलटल्यावर नुसत्या चुकीवर पॉलिसी मोडता येणार नाही. गोष्ट महत्त्वाची होती, ती कपटाने लपवली आणि लपवणाऱ्याला ते ठाऊक होते, असे तिन्ही कंपनीने सिद्ध केले पाहिजे. २०१५ च्या दुरुस्तीने मुदत तीन वर्षांची झाली, पण त्यानंतर कोणत्याही कारणाने, कपटाच्याही, पॉलिसीवर प्रश्न उठवता येत नाही असे ठरले. मेलेल्या माणसाच्या वतीने कायद्याने दिलेली ही साक्ष आहे. धंद्याने आपण होऊन ती दिली असती असे वाटत नाही.

पुढचे बहुतेकांच्या डोळ्यांदेखत घडले आहे. १९९८ साली विमा लोकपालाचे नियम आले. २००० साली विमा नियामक प्राधिकरण उभे राहिले आणि खाजगी कंपन्यांना दार पुन्हा उघडले. पॉलिसी हाती आल्यावर न पटल्यास परत करायला २००२ च्या नियमांनी पंधरा दिवस दिले, २०२४ च्या नियमांनी तीस. बाजाराशी जोडलेल्या योजनांत पहिल्याच वर्षी गिऱ्हाइकाचे किती पैसे कापले जातात याचा बोभाटा झाला, तेव्हा सप्टेंबर २०१० पासून त्या कापणीला मर्यादा पडली. आणि एप्रिल २०२३ पासून नियामकाने कमिशनाचे ठराविक दर काढून टाकले. एकूण खर्चाची मर्यादा पाळा, कमिशन किती द्यायचे ते कंपनीच्या संचालक मंडळाने ठरवावे, असा नियम केला. १९३८ साली कायद्याने हातातून काढून घेतलेला वेसणीचा एक पदर पुन्हा धंद्याच्या हाती आला.

रिबेटचे एकेचाळिसावे कलम अजून आहे. पूर्वी त्याला पाचशे रुपयांपर्यंत दंड होता, २०१५ च्या दुरुस्तीपासून तो दहा लाखांपर्यंत आहे. प्रत्येक प्रस्तावपत्रावर ते बारीक अक्षरांत छापलेले असते.

वाईहून परतल्यावर ती पॉलिसी मी पुतण्याला दाखवली. त्याने नुकताच विमा घेतला होता, म्हणून सहज त्याचे प्रस्तावपत्र मागवून पाहिले. कलम होते, जागच्या जागी. मी बोट ठेवून त्याला ते वाचायला सांगितले. त्याने वाचले, थोडा घुटमळला आणि म्हणाला, "काका, पण पहिला हप्ता निम्मा त्यांनीच भरला ना. सगळेच भरतात."

एजंट कोण, असे मी विचारले. त्याच्या बायकोचा मामेभाऊ.